अ‍ॅम्प्लिफायर बदलायचा का? आधी मल्टिमीटर काढा

गेल्या दिवाळीत मी नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. दुकानदाराशी भाव ठरला होता, जुन्याला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि घरात "आता हे शेवटचं" असं सांगूनही झालं होतं (याआधी दोनदा सांगितलेलं). तक्रार एकच. नुसते तानपुरे वाजत असेपर्यंत सगळं छान, पण तबला सुरू झाला की डग्गा फुगायचा आणि गायकाचा आवाज त्याच्यामागे दबायचा. आवाज चढवला की फुगारा आणखी वाढायचा. माझं निदान तयार होतं: अ‍ॅम्पमध्ये दम नाही. चॅनलमागे ८० वॅटचा, चौदा वर्षं जुना, आणखी काय होणार?

शेवटी घेतला नाही. मधल्या तीन आठवड्यांत जे केलं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण हा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून, म्हणजे दुकानापासून सुरुवात करतात. साहित्य फार नाही: एक साधा डिजिटल मल्टिमीटर, लॅपटॉप, मोजायची टेप, एक शांत दुपार आणि हाय-फायमध्ये काडीचाही रस नसलेला घरातला एक माणूस. त्याचं काम उशिरा येतं.

१. तक्रार एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा, मनात नको. 'खुलेपणा', 'ऊब', 'स्टेज', 'दम' हे शब्द वापरायचे नाहीत. काय ऐकू येतं आणि कधी, एवढंच. 'आवाज मोठा केला की गायिकेचा तार सप्तक टोचतो.' 'डावीकडचा स्पीकर कधीकधी बसल्यासारखा वाटतो.' 'गाणं थांबलं की मागे गुणगुण राहते.'

असं लिहिलं की अर्ध्या तक्रारी आपोआप दुसऱ्याच खात्यात जातात. एकच बाजू बिघडत असेल तर तो आजार आहे, दर्जाचा प्रश्न नाही. ठरावीक सूर फुगत असतील तर खोली पाहा. फक्त मोठ्या आवाजाला त्रास होत असेल तर वॅटचा हिशोब करायला हवा. आणि 'फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा) नाही' किंवा 'टीव्हीची एचडीएमआय जोडता येत नाही' अशी तक्रार असेल तर पुढचं बरंचसं वाचायचीही गरज नाही. ते सरळ कारण आहे, आणि कित्येकदा वेगळा फोनो-स्टेज किंवा छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारी डबी) घेऊनही भागतं.

२. आधी तब्येत तपासा

दहा-पंधरा वर्षांच्या अ‍ॅम्पची तुलना शोरूममधल्या कोऱ्या अ‍ॅम्पशी करणं म्हणजे सर्व्हिसिंग न केलेल्या गाडीची नव्या गाडीशी शर्यत लावणं.

सर्वांत सोपी चाचणी म्हणजे अदलाबदल. अ‍ॅम्प बंद करा आणि डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा अ‍ॅम्पच्या बाजूने उलट जोडा. दोष स्पीकरसोबतच राहिला तर स्पीकर किंवा त्याची तार बघा. दोष दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर तो अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. मग इनपुटच्या तारा उलट करून आणखी एक पाऊल मागे जा. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक ते न करता हजारो रुपयांच्या केबल घेतात.

कमी आवाजात एक चॅनल मंद पडतो आणि आवाज चढवला की 'खट्' होऊन परत येतो? बहुतेक वेळा स्पीकर रिलेच्या (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप स्विचच्या) संपर्कांवर काट चढलेला असतो. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत हे ठरलेलंच. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर व्हॉल्यूमचं पोटेन्शिओमीटर साफ करायला झालंय. दोन्ही दुरुस्त्या किरकोळ.

गुणगुण असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची डिशची केबल काढून बघा. गुणगुण थांबली तर तो ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) आहे आणि नवा अ‍ॅम्पही तितकाच गुणगुणेल. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून 'इलाज' करणारे महाभाग भेटतात. तसं कधीही करू नका.

एक मोजमाप घरीच जमतं. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या तारा सोडवा, मग तो चालू करा, आवाज शून्यावर ठेवा आणि पंधरा मिनिटं तापू द्या. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून प्रत्येक चॅनलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर धरा. २०-३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० पर्यंत चालतं, १०० च्या वर गेलं तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प असेल तर हे करू नका. तो स्पीकर जोडल्याशिवाय चालवायचा नसतो, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

झाकण उघडून आत बोटं घालू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. या कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेवर ठरतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. बंद काचेच्या कपाटात कोंडलेला अ‍ॅम्प म्हणूनच लवकर म्हातारा होतो. माझा उघडला तेव्हा आत वाळलेली पाल निघाली, ट्रान्सफॉर्मरच्या उबेला येऊन बसलेली. ती तिथे किती वर्षं होती कोण जाणे. रिले बदलला, साफसफाई झाली, उजवा चॅनल पुन्हा खणखणीत झाला. डग्गा मात्र फुगतच राहिला.

३. तुम्ही खरंच किती वॅट वापरता?

इथे जरा थांबू, कारण पैसे इथेच वाया जातात.

वॅट आणि आवाज यांचं नातं सरळ नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डीबीने (डेसिबल, आवाज मोजायचं एकक) वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डीबी, म्हणजे दहापट शक्ती लागते. ८० वॅटवरून १०० वॅटवर गेलात तर मिळतो १ डीबी. एवढ्या फरकाला बहुतेक जण 'वाढला का?' असं विचारतील. ८० वरून १६० वर गेलात तर ३ डीबी. तेवढाच फरक ८६ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरऐवजी ८९ चा घेऊन पडतो.

आता कागदावर हिशोब करू. स्पीकर ८६ डीबीचा, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८६. तुम्ही तीन मीटरवर बसता. मोकळ्या मैदानात ९.५ डीबी कमी झाले असते. खोलीच्या भिंती काही परत देतात, म्हणून ७ धरू. स्पीकर दोन आहेत, ३ मिळवा. म्हणजे एकेका वॅटला तुमच्या खुर्चीत ८२ डीबी. सरासरी ७५ डीबीने ऐकणं हे फ्लॅटमध्ये बऱ्यापैकी मोठं ऐकणं झालं. तबल्याची थाप, पखवाज, ऑर्केस्ट्राचा कडकडाट यांचे क्षणिक उसळे सरासरीच्या २० डीबी वर धरले तर ९५ लागतील. ८२ ते ९५ मध्ये अंतर १३ डीबीचं, म्हणजे वीसपट. वीस वॅट. तुम्हाला १०५ डीबीचे उसळे हवे असतील तर मात्र २०० वॅट लागतात, आणि तेव्हा शेजाऱ्यांशीही बोलावं लागतं.

कागदावर विश्वास नसेल तर मोजा. ऑडासिटी हा फुकट प्रोग्रॅम उघडा आणि त्यात साइन टोन तयार करा: १२० हर्ट्झ, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.२५, लांबी एक मिनिट. फाइल साठवा. मग तुमचं नेहमीचं संगीत लावा आणि आजवर सर्वांत मोठं ज्या आवाजात ऐकलं असेल तिथवर नॉब न्या. घरात कोणी नसताना होतो तेवढा, प्रामाणिकपणे. संगीत थांबवा. नॉबला आता हात लावायचा नाही. अ‍ॅम्प बंद करा, स्पीकरच्या तारा सोडवा (व्हॉल्व्हवाल्यांनी पुन्हा एकदा थांबावं), अ‍ॅम्प चालू करा आणि तयार केलेला टोन ज्या मार्गाने संगीत येतं त्याच मार्गाने वाजवा. स्ट्रीमिंग अ‍ॅपचं आवाज सारखा करणारं सेटिंग आधीपासूनच बंद हवं, बास-ट्रेबल मधोमध. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून एका चॅनलच्या टर्मिनलवर धरा.

जो आकडा येईल त्याला ४ ने गुणा. ०.२५ अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणजे डिजिटल फाइलच्या कमाल उंचीचा पाव हिस्सा. कुठलंही रेकॉर्डिंग त्या कमाल उंचीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून चौपट केलं की तुमच्या नॉबच्या त्या जागी अ‍ॅम्पकडून जास्तीत जास्त किती व्होल्ट मागितले जाऊ शकतात ते कळतं. त्या संख्येचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमने (त्याचा विजेचा रोध, पाठीवर लिहिलेला असतो) भागा.

माझा आकडा आला २.६ व्होल्ट. चौपट १०.४. वर्ग १०८. आठने भागले तर साडेतेरा वॅट. माझे स्पीकर काही ठिकाणी ४ ओहमपर्यंत उतरतात, तेव्हा २७ धरा. ८० वॅटचा अ‍ॅम्प ८ ओहमला २५ व्होल्ट देतो आणि मी सर्वांत जोरात १०.४ मागत होतो. मीटर दोनदा तपासला, बॅटरी बदलली. आकडा तोच. 'दम नाही' हे निदान तिथेच निकालात निघालं.

तुमचा आकडा ७ आला तर गोष्ट वेगळी. २८ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला ९८ वॅट. ८० वॅटचा अ‍ॅम्प तिथे लाटांची शिखरं छाटतोय आणि तार सप्तक टोचण्याचं कारण सापडलं.

४. ओहमची भानगड

स्पीकरच्या पाठीवर '८ ओहम' लिहिलेलं असतं ती एक सरासरी म्हणायची. प्रत्यक्षात रोध सुरागणिक बदलतो, आणि ८ म्हणवणारा स्पीकर खर्जात साडेतीनपर्यंत उतरलेला मी आलेखात पाहिला आहे. तुमच्या मॉडेलची मोजमापांसह समीक्षा मिळाली तर किमान ओहम किती ते शोधा. सेन्सिटिव्हिटीतही मेख असते. बरेच उत्पादक ती २.८३ व्होल्टला देतात. ८ ओहमला तेवढ्याने १ वॅट होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट जातात. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरचे '८८ डीबी' खरे ८५ च.

अ‍ॅम्पच्या कागदावर दोन आकडे बघा: ८ ओहमला किती, ४ ओहमला किती. दुसरा पहिल्याच्या दुपटीजवळ असेल तर पॉवर सप्लाय तगडा आहे. दुसरा आकडा दिलेलाच नसेल तर कठीण स्पीकरसाठी तो अ‍ॅम्प टाळा. वॅट किती टक्के डिस्टॉर्शनला (आवाजाच्या विकृतीला) मोजले तेही वाचा. १० टक्क्यांना मोजलेले वॅट म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची.

डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले अ‍ॅम्पचा आतला रोध) २०० की ५०० यावर वाद घालू नका. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा पाच मीटर जाऊन-येऊनचा (एकूण दहा मीटरचा) रोध साधारण ०.०८ ओहम असतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ती तारच सगळा हिशोब १०० च्या आसपास आणून ठेवते.

५. खोली

आमचा हॉल १० बाय १४ फुटांचा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लहर नेमकी बसते तो सूर फुगतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६ हर्ट्झ. १४ फुटांना ४०. शिवाय त्यांच्या दुपटी, ८० आणि ११२. डग्ग्याची घसीट नेमकी याच भागात हिंडते. भर म्हणून स्पीकर मागच्या भिंतीपासून सहा इंचांवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. भिंतीलगत या सुरांचा दाब सर्वांत जास्त असतो, म्हणजे फुगाऱ्याच्या ऐन केंद्रात मी रोज मांडी घालून बसत होतो आणि दोष अ‍ॅम्पला देत होतो.

सोफा दीड फूट पुढे ओढला. स्पीकर दोन फूट पुढे आणले, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करत, अर्ध्या-अर्ध्या फुटाने. प्रत्येक जागी तीच दोन मिनिटांची तबल्याची लग्गी. तिसऱ्या खुणेवर डग्गा आकसून जागेवर आला आणि तबलजीच्या बोटांचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला.

दुसरी गोष्ट टाळीची. खोलीच्या मधोमध जोरात टाळी वाजवा. व्हिट्रिफाइड टाइल्स, मोकळ्या भिंती आणि बाल्कनीचं काचेचं सरकतं दार असलेल्या हॉलमध्ये टाळीमागे 'टर्र्र' अशी शेपूट ऐकू येते. हीच शेपूट गायकाच्या प्रत्येक 'स'ला लागते. जाड सतरंजी, जड पडदे, पुस्तकांचं उघडं कपाट. मी डोक्यामागच्या भिंतीवर आईची जुनी गोधडी टांगली. आई म्हणाली, "अरे, पाहुणे काय म्हणतील?" पाहुणे गोधडीचं कौतुकच करून जातात.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी रूम इक्यू विझार्ड हा खोलीतला आवाज मोजणारा फुकट प्रोग्रॅम आणि कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक घ्यावा. चांगल्या अ‍ॅम्पच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य आहे.

६. इथवर येऊनही हौस टिकली असेल तर

नवा अ‍ॅम्प दुकानात ऐकून ठरवू नका. शनिवार-रविवार घरी आणा; ओळखीचा दुकानदार अनामत घेऊन देतो.

मी आणला. दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज कानाने सारखा केला आणि आलटून पालटून ऐकलं. नवा स्पष्ट चांगला! खर्ज भरीव, स्वर जवळ आल्यासारखे. मग तोच १२० हर्ट्झचा टोन लावून स्पीकर जोडलेले असतानाच मीटर धरला. जुना १.१० व्होल्ट, नवा १.२५. फरक १.१ डीबीचा. एवढ्या फरकाला कान 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. दुकानात नेमकं हेच होतं, कधी नकळत, कधी कळून.

म्हणून मीटरने जुळवा. ०.२ डीबी म्हणजे व्होल्टमध्ये सव्वादोन टक्के, १.१० समोर दुसरा १.०८ ते १.१२ च्या आत हवा. स्पीकरच्या तारा बदलताना दोन्ही अ‍ॅम्प बंद, आणि एकाच स्पीकरला दोन अ‍ॅम्प एकाच वेळी कधीही जोडायचे नाहीत. आता तो रस नसलेला माणूस बोलवा. माझी भाची आली होती. तिने दर खेपेला नाणं उडवून कुठला अ‍ॅम्प ते ठरवायचं, मला न दाखवता जोडायचं, दोन मिनिटं वाजवायचं, आणि माझं उत्तर वहीत लिहायचं. दहा खेपा. नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साडेपाच टक्के असते, नऊ किंवा जास्तची एक टक्का. सातव्या खेपेला "मामा, मला क्लासला जायचंय" अशी घाई सुरू झाली, तरी तिने दहा पुरे केले. माझे सहा बरोबर आले.

१९८७ साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने स्वस्त रिसीव्हरपासून महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पपर्यंत अशीच आंधळी चाचणी घेतली, तेव्हाही ऐकणाऱ्यांचा निकाल अंदाजापलीकडे गेला नव्हता. वाद तेव्हापासून चालू आहे आणि तो मी मिटवणार नाही. तुमचे नऊ आले तर घ्या की बिनधास्त.

७. घ्यायचाच कधी

मोजमापात अ‍ॅम्प अपुरा पडला तर. स्पीकर तीन ओहमला उतरतात आणि जुना तापून प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो) तेव्हा. आउटपुटचा आयसी जळला आणि त्याची अस्सल प्रत मिळत नाही तेव्हा; बाजारात नकली पार्ट भरपूर आहेत. स्पीकर खूप संवेदनशील असून शांततेतही 'स्स्' ऐकू येत असेल तेव्हा. आणि व्हॉल्व्हचा उजेड संध्याकाळी बघायचाय म्हणून घेतलात तरी माझी हरकत नाही, फक्त कागदावर तसं लिहा.

क्लास-ए (आवाज नसतानाही सतत करंट ओढणाऱ्या जातीचा) अ‍ॅम्प घेणार असाल तर विजेचं बघा. गप्प बसूनही २५० वॅट ओढणारा अ‍ॅम्प रोज तीन तास लावला तर महिन्याला साडेबावीस युनिट, आणि ती सगळी उष्णता तुमच्या हॉलमध्ये. नागपूरकरांनी एप्रिल डोळ्यांसमोर आणावा. आजचे चांगले क्लास-डी अ‍ॅम्प त्या मानाने थंड आणि हलके असतात.

न्यू जर्सीतला भाऊ 'तिकडे निम्म्यात मिळतो' म्हणून सांगतो त्याचाही हिशोब करा. तिकडचा अ‍ॅम्प १२० व्होल्टचा, जपानमधला १०० चा. मागच्या पॅनेलवर काय छापलंय त्याचा फोटो आधी मागवा. व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, पॅनेलवरच्या वापराच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा. तो स्वतः गुणगुणतो आणि जागा खातो. वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि विमानाची एक बॅग बहुतेक २३ किलोची असते.

नवा आला की वर निदान चार बोटं मोकळी जागा सोडा, मागे हवा खेळू द्या, झरोक्यांवर कापड टाकू नका. पालीसाठी मी कपाटाच्या मागच्या फटीला बारीक जाळी मारली आहे, अ‍ॅम्पला नाही.

जुन्या अ‍ॅम्पचं ते गिऱ्हाईक अजून अधूनमधून फोन करतं. त्याच्याकडे ४० वॅटचा आहे आणि त्याला ८० चा हवाय. मी त्याला तिसरी पायरी करायला लावली. परवा रात्री त्याचा आकडा आला: ०.९ व्होल्ट. म्हणजे दीड वॅटच्या थोडं वर.